बिल्ड कुठे संपतो, रिलीज कुठे सुरू होतं

मार्चचा शेवटचा आठवडा होता. लातूरच्या दीड खोलीच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो होतो आणि सात पतसंस्थांना द्यायचं वर्षअखेरीचं व्हर्जन माझ्या लॅपटॉपवरून सर्व्हरवर चढत होतं. एकूण अकरा फायली. सहावी चढत असताना लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता, राउटर मात्र बंद पडला. वीस मिनिटांनी लाइट आली, तोवर सकाळच्या ठरलेल्या वेळेला दोन पतसंस्थांच्या संगणकांनी अपडेट ओढून घेतलं होतं. व्याज काढणारी फाइल नवी आणि तिला लागणारी दरांची फाइल जुनी, असा जोड तिथे बसला. एका कॅशिअर ताईंनी चार मुदत ठेवींचं व्याज सवयीनं कागदावर काढून बघितलं, आकडा जुळेना, आणि त्यांनी फोन केला. त्या फोनमुळे वाचलो.

लाइट जाणं आपल्याकडे नवीन नाही. खरी चूक माझी होती. माल तयार करणं आणि तो लोकांसमोर ठेवणं ही दोन वेगळी कामं मी एकाच आज्ञेत बांधली होती. त्यानंतर मी हा प्रश्न नीट वाचायला घेतला: सॉफ्टवेअर प्रकाशित करताना बिल्ड करणाऱ्या साधनानं काय करायचं आणि रिलीज सर्व्हरनं काय करायचं? जगभर या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी दिली गेली आहेत, आणि गेल्या दहा वर्षांत त्यातल्या बऱ्याच उत्तरांनी आपली जागा बदलली आहे.

बिल्ड साधनांची परंपरा जुनी आहे. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' लिहिलं. कोणती फाइल बदलली, तिच्यावर कोणत्या अवलंबून आहेत, त्यामुळे नेमकं काय पुन्हा बांधायचं, एवढंच ते पाहायचं. तयार झालेला माल कुठे जातो याच्याशी मेकला देणंघेणं नव्हतं. पुढे जावाच्या जगात मेव्हन आलं, २००४ मध्ये त्याचं १.० निघालं, आणि त्यानं सोर्स घेण्यापासून पॅकेज जगाला देईपर्यंत सगळी साखळी एका हाताखाली आणली. कंपाइल, टेस्ट, पॅकेज आणि शेवटची पायरी डिप्लॉय. इथून धुऱ्याचा वाद सुरू झाला.

धुरा म्हणजे काय ते मराठवाड्यात सांगावं लागत नाही. दोन शेतांमधली ती हातभर पट्टी दोघांची असते आणि कुणाचीच नसते. बिल्ड आणि रिलीज यांच्यामध्येही अशीच कामं पडलेली असतात. व्हर्जनचा आकडा कुणी वाढवायचा? सही कुणाच्या किल्लीनं करायची? सगळ्या फायली आल्या का हे कुणी मोजायचं? शेवटचं 'हो' कुणी म्हणायचं, आणि चुकलं तर माल मागे कुणी घ्यायचा?

मेव्हनचं उदाहरण सविस्तर बघण्यासारखं आहे, कारण माझ्या अकरा फायलींचा अपघात मेव्हनवाल्यांनी फार आधी आणि मोठ्या प्रमाणावर अनुभवला. डिप्लॉयची पायरी फायली एकेक करून सर्व्हरवर चढवते: जार, तिची माहिती सांगणारी पॉम फाइल, चेकसम, सह्या, आणि 'सर्वात नवं व्हर्जन कोणतं' हे सांगणारी नोंद. प्रकल्पाचे दहा भाग असतील तर प्रत्येक भाग बांधून झाला की लगेच चढतो. सातव्या भागाची टेस्ट पडली तर सहा भाग नवे, चार जुने. यावर बिल्ड साधनानं स्वतःच्या हद्दीत एक उपाय केला. डिप्लॉय प्लगइनमध्ये 'सगळं बांधून झाल्यावरच चढव' असा पर्याय आला. त्यानं टेस्ट पडण्याचा त्रास मिटला, पण अपलोड मधेच तुटण्याचा मिटला नाही. तो मिटवणं बिल्ड साधनाच्या हातात नाहीच. अर्धवट आलेला माल झाकून ठेवणं ज्याच्याकडे माल येतो त्यालाच जमतं.

म्हणून सोनाटाइप कंपनीच्या नेक्सस सर्व्हरवर स्टेजिंग आलं. अपलोड सुरू झालं की सर्व्हर एक तात्पुरती बंद खोली उघडतो. फायली तिथे साठतात, बाहेरून कुणाला दिसत नाहीत. सगळ्या आल्या की खोली 'क्लोज' करायची. त्या क्षणी सर्व्हर तपासणी करतो: सही आहे का, सोर्स आणि जावाडॉकच्या जार सोबत आहेत का, पॉममध्ये परवाना लिहिला आहे का, हे नाव वापरायचा तुम्हाला हक्क आहे का. तपासणीत उतरलं तर 'रिलीज', नाही तर 'ड्रॉप'. एकदा रिलीज झालं की मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक भांडारातली फाइल बदलत नाही आणि काढलीही जात नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉग४जे या लायब्ररीतलं ते मोठं भगदाड सापडलं तेव्हा जगभर धावपळ उडाली होती, तरी २.१५.० ची दुरुस्ती अपुरी ठरल्यावर त्याच आकड्याखाली नवा माल कुणी सरकवला नाही. २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१ निघालं, सगळं त्याच महिन्यात. ज्यानं जे उतरवून घेतलं त्याला ते नेमकं काय होतं हे कळत राहिलं.

या रचनेत एक दोष राहिला. बंद खोली उघडायची, लावायची, रिलीज करायची ही सर्व्हरची आतली भाषा बिल्डच्या प्लगइनना शिकवली गेली. हजारो प्रकल्पांच्या बिल्ड फायलींत एका सर्व्हरच्या खोल्यांचा नकाशा जाऊन बसला. ३० जून २०२५ ला सोनाटाइपनं ती जुनी सेवा बंद केली. नव्या पोर्टलला सगळ्या फायलींचं एकच गाठोडं लागतं: एक झिप द्या, आम्ही तपासू, मग प्रकाशित करा. कल्पना जास्त स्वच्छ आहे, तरी ज्यांच्या बिल्डमध्ये जुना नकाशा होता त्या सगळ्यांना तो उकरून काढावा लागला. माझं मत यावरून पक्कं झालं. बिल्ड साधनानं गाठोडं बांधून दाराशी ठेवावं आणि परत फिरावं. आत कोणती खोली, कोणतं कुलूप, हे त्याला माहीतच असू नये.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत अशी वाटणी अगदी डोळ्यांसमोर आहे. राष्ट्रध्वजाचं खादीचं कापड उदगीरला विणलं जातं. तिथून ते प्रक्रियेसाठी अहमदाबादला जातं, आणि मग नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याची कापणी, शिलाई आणि अशोकचक्राची छपाई होते. उदगीरचा विणकर ताणा-बाणा सांभाळतो. त्याच्या हातून निघालेलं कापड चांगलं की वाईट हे धागे मोजून पुन्हा पुन्हा तपासता येतं. पण चक्र उमटलं की ते कापड उरत नाही, तो ध्वज होतो, आणि त्याला ध्वजाचे सगळे नियम लागू होतात. भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक, आयएस १, ध्वजाचाच आहे. विणकाम आणि चक्र यांच्यामधली रेघ ज्यानं आखली त्याला प्रकाशनाचा अर्थ कळला होता असं मला वाटतं.

सगळ्यांनी ही रेघ मेव्हनसारखी आखली नाही. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारानं दीर्घकाळ सगळा भार बिल्डच्या बाजूला ठेवला: लॅपटॉपवर एक आज्ञा द्या, पॅकेज जगासमोर. सोय मोठी होती आणि जावास्क्रिप्टची वाढ त्या सोयीवर झाली. पण मार्च २०१६ मध्ये एका लेखकानं रागानं आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली, त्यात अकरा ओळींचं 'लेफ्ट-पॅड' होतं, आणि त्यावर अप्रत्यक्षपणे उभे असलेले असंख्य प्रकल्प जगभर बांधले जाईनात. त्यानंतर माल काढून घेण्यावर एनपीएमनं बंधनं आणली. ८ सप्टेंबर २०२५ ला दुसरी बाजू उघडी पडली. एका देखभालकर्त्याला फसव्या ईमेलनं गाठून 'चॉक' आणि 'डीबग'सह अठरा पॅकेजेसमध्ये चोरी करणारा कोड घातला गेला. एका माणसाच्या खात्यातून थेट जगापर्यंत सरळ रस्ता होता, मधे कुणी उभं नव्हतं.

पायथॉनच्या पायपीआयनं एप्रिल २०२३ मध्ये वेगळी वाट काढली. कायमचा पासवर्ड ठेवायचाच नाही. बिल्ड चालवणारी यंत्रणा स्वतःची ओळख सर्व्हरला पटवते, सर्व्हर तिला पंधरा मिनिटांपुरती परवानगी देतो, काम झालं की ती संपते. चोरायला काही उरत नाही. फायली आधी झाकून चढवायच्या आणि मग एकदम प्रकाशित करायच्या, असा प्रस्तावही पायथॉनमध्ये २०२२ पासून आहे. मेव्हनवाल्यांनी फार आधी गाठलेल्या ठिकाणी तेही निघाले आहेत. गो भाषेनं अपलोडच काढून टाकलं. सोर्सवर टॅग लावला की प्रकाशन झालं, बाकी आठवण ठेवायचं काम मध्यवर्ती प्रॉक्सी आणि चेकसमची सार्वजनिक वही करते. लहान लायब्ररींसाठी मला हे सुंदर वाटतं, पण पतसंस्थेच्या कॅशिअरला सोर्स देऊन चालत नाही.

लिनक्सवाल्यांनी रेघ पार दुसऱ्या टोकाला नेली. तिथे लेखकानं बांधलेला माल सर्व्हर घेतच नाही, फक्त सोर्स घेतो आणि स्वतः बांधतो. डेबियननं २०१९ मध्ये ठरवलं की देखभालकर्त्याच्या संगणकावर बांधलेलं पॅकेज पुढच्या स्थिर आवृत्तीत जाणार नाही, ते डेबियनच्या बिल्ड यंत्रांवरच बांधलेलं हवं. फेडोरामध्ये तर कामाचे दोन तुकडे आहेत. कोजी नावाची यंत्रणा सोर्समधून बांधते आणि बोधी नावाची यंत्रणा ते कधी, कुणाला द्यायचं ठरवते. नवं पॅकेज आधी चाचणीच्या रांगेत जातं. वापरणाऱ्यांनी चांगला शेरा दिला किंवा ठरलेले दिवस निर्विघ्न गेले तर ते सगळ्यांना मिळतं. आपण लिनक्सवर मराठी ज्यात वाचत आलो त्या लोहित फॉन्टचा प्रवास याच वाटेनं झाला. रेड हॅटचे हे फॉन्ट पुण्यातल्या कार्यालयातून सांभाळले गेले. एखाद्या जोडाक्षराची दुरुस्ती करणारा माणूस पुण्यात बसून सोर्स बदलायचा, आणि ती लोकांच्या पडद्यावर पोहोचेपर्यंत मधे बांधणारा वेगळा, सोडणारा वेगळा.

अँड्रॉइडची गोष्ट आमच्याकडच्या धंद्याला सगळ्यात जवळची. नांदेडला एका मित्राची छोटी कंपनी आहे. पिग्मी एजंट दारोदार फिरून रोजची रक्कम गोळा करतात, त्यांच्या फोनसाठी या कंपनीनं अ‍ॅप केलं. एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायची, सही करायची किल्ली त्याच्या लॅपटॉपवर. एक दिवस हार्ड डिस्क गेली. सोर्स गिटवर होता, वाचला. किल्लीची प्रत कुठेच नव्हती. अँड्रॉइडचा नियम कडक आहे: जुन्या अ‍ॅपवर नवं चढवायचं तर सही त्याच किल्लीची लागते. नाही तर जुनं काढून टाकावं लागतं, आणि त्यासोबत फोनमध्ये साठलेली, सर्व्हरवर न गेलेली नोंदही जाते. चाळीसेक एजंटांना एकेक करून ऑफिसात बोलावलं, दिवसभराची वसुली आधी सर्व्हरवर चढवली, मग जुनं अ‍ॅप काढलं, नवं टाकलं. एक काका भर उन्हात मुखेडहून आले. सोर्स जसाच्या तसा होता, बिल्डही होत होता, फक्त 'हे आमचंच आहे' असं सांगायचा अधिकार एका हार्ड डिस्कसोबत गेला होता.

गुगलनं हे दुखणं ओळखून किल्ली स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवं अ‍ॅप देताना तयार एपीकेऐवजी बंडल द्यावं लागतं. प्रत्येक फोनला लागेल तेवढा तुकडा कापून त्यावर शेवटची सही गुगल करतं. विसरभोळ्या विकासकासाठी हे वरदान आहे. तरी मला त्यात एक काळजी आहे. इथे प्रकाशन करणारा मालालाही हात लावतो. मी तपासलं ते आणि काकांच्या फोनवर पोहोचलं ते एकच आहे का, हे मला स्वतःला पडताळणं अवघड झालं. एफ-ड्रॉइड हे मुक्त अ‍ॅपचं भांडारही स्वतः सोर्समधून बांधून स्वतः सही करतं, पण तिथे सगळा सोर्स आणि बांधायची कृती उघडी असते, कुणीही ती गिरवू शकतं. अधिकार सर्व्हरकडे जायला माझी हरकत नाही. तपासायची सोय मात्र आपल्याकडे राहिली पाहिजे.

आता सुरक्षेचं. सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीतला घोटाळा डिसेंबर २०२० मध्ये उघड झाला. चोर तिथे सोर्समध्ये शिरलेच नव्हते, ते बिल्ड यंत्रात बसले होते. कंपाइल होता होता एक फाइल बदलायची, काम झालं की मूळ परत ठेवायची. पुढे कंपनीची खरी सही त्या मालावर झाली आणि सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत तो जाऊ शकला. २९ मार्च २०२४ ला उघड झालेलं एक्सझेड या लायब्ररीत लपवलेल्या चोरदाराचं प्रकरण याच्या उलट बाजूचं. गिटवरचा सोर्स बघितला तर ते कटकारस्थान पूर्ण दिसत नव्हतं. ते सुरू करणारी एक ओळ फक्त प्रकाशनासाठी बांधलेल्या गाठोड्यात होती. आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, आणि त्यांनी धागा सोडला नाही. त्या गाठोड्यावरही अधिकृत देखभालकर्त्याची सही होती.

सही माल कुणाचा ते सांगते, माल कसा आहे ते सांगत नाही. हे आमच्या शेतकऱ्यांना कुणी शिकवावं लागत नाही. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो, अकोल्याची राज्य बियाणे प्रमाणीकरण यंत्रणा तो देते, आणि तो टॅग हवाच. पण २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी मराठवाडाभर झाल्या, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, आणि तेव्हापासून आमच्या घरी पेरणीआधी पोत्याची परीक्षा कधी चुकली नाही. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत ठेवायचे, गुंडाळून सावलीत, रोज पाणी शिंपडायचं. चार-पाच दिवसांनी गुंडाळी उलगडायची आणि मोड मोजायचे. सत्तर आले तर पेरणी, कमी आले तर बियाणं वाढवायचं किंवा बदलायचं. टॅगवर विश्वास आहे, तरी मोजणी आपल्या घरची.

सॉफ्टवेअरमध्ये या मोजणीला रिप्रोड्युसिबल बिल्ड म्हणतात. डेबियनमध्ये २०१३ पासून त्यावर चिकाटीनं काम चाललं आहे. एकच सोर्स दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या यंत्रांवर बांधला तर निघणाऱ्या फायली बाइट-बाइट सारख्या आल्या पाहिजेत. आल्या नाहीत तर कुठे तरी काही तरी शिरलं आहे, निदान बांधल्याची तारीख तरी. या एका गुणामुळे धुऱ्याचा वाद बराच निवळतो. बिल्ड कुणाच्या यंत्रावर झाला याला मग फारसं महत्त्व राहत नाही, कारण कुणीही तो पुन्हा करून बघू शकतो. प्रकाशन मात्र पुन्हा करता येत नाही. नाव एकदाच घेतलं जातं, आकडा एकदाच वापरला जातो, आणि लोकांच्या संगणकात गेलेलं परत बोलावता येत नाही.

रेघ कुठे आखायची, याचं माझं उत्तर यातूनच निघतं. जे कितीही वेळा करून तेच फळ येतं ते बिल्डकडे ठेवावं: कंपाइल, टेस्ट, पॅकिंग, चेकसम. जे एकदा झालं की मागे घेता येत नाही ते सर्व्हरकडे ठेवावं: नाव, अंतिम सही, सगळं आल्याची खात्री, दार उघडण्याची वेळ, माल थांबवण्याचा अधिकार. आणि दार उघडायचं तेही सगळ्यांसाठी एकदम नको. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक छोटी माहिती-फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो 'प्रोग्राम' नाही, नुसती माहिती आहे, असं समजल्यामुळे ती फाइल टप्प्याटप्प्याच्या शिस्तीतून सुटली होती. व्याजदरांची फाइलही आम्ही तशीच समजत होतो.

छोट्या गावात, तीन माणसांच्या ऑफिसात हे सगळं परवडतं का, असं मला नेहमी विचारतात. आमच्याकडे एक जुना डेस्कटॉप आहे, इन्व्हर्टरवर. सोर्सवर टॅग लागला की तो कोऱ्या जागी बांधतो, टेस्ट चालवतो, झिप करतो आणि सर्व्हरवरच्या एका झाकलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. सर्व्हर फायली मोजतो, चेकसम जुळवतो. मग आमच्यापैकी ज्यानं कोड लिहिलेला नाही असा एक जण 'हो' म्हणतो, आणि फोल्डरचं नाव एका झटक्यात बदलतं. पहिले दोन दिवस ते एकाच पतसंस्थेला दिसतं, त्याच कॅशिअर ताईंच्या. त्यांनी कागदावर व्याज काढून होकार दिला की बाकी सहा. यातलं काहीही विकत घ्यावं लागलं नाही. लॅपटॉपवरून सर्व्हरवर लिहिण्याचा पासवर्ड आता आमच्यापैकी कुणाकडेही नाही.

नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतून दरवर्षी अंतिम वर्षाचे प्रकल्प सादर होतात. शिकवणाऱ्या सरांना आणि मॅडमना माझी विनंती आहे: प्रकल्प मुलाच्या लॅपटॉपवर चालताना बघू नका. त्याचा सोर्स दुसऱ्या मुलाच्या हातात द्या, कोऱ्या संगणकावर बांधायला सांगा, आणि दोघांच्या फायलींचे चेकसम फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. आणि ज्यांचं अ‍ॅप आज कुणाच्या तरी फोनवर चालू आहे, त्यांनी आज ऑफिस बंद करण्याआधी एक काम करावं. सहीची किल्ली नेमकी कुठे आहे ते बघा, तिची एक प्रत दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसाकडे ठेवा, आणि त्या प्रतीवरून एक बिल्ड खरोखर सही करून बघा.